खरखर ऐकू आली का?

मिरज,
नागपंचमी

चि. केदार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी काय सुंदर साफ केली आहेस, खरखर नावालाही उरलेली नाही." मी नुसते "हो का?" म्हटले आणि बोलणे पावसाकडे वळवले, कारण तुझे बाबा शेजारीच पेपर वाचत बसले होते आणि त्यांच्यासमोर मला हा विषय काढायचा नव्हता. केदार, ती फाइल मी साफ केलेली नाही. ओडियन कंपनीची ती झिंझोटी रागाची तबकडी तुझ्या आजोबांच्या, तात्यांच्या हातून इतकी वाजली आहे की सुई टेकल्याबरोबर कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू होतो, आणि संगणकावर उतरवून घेतल्यावर मी तिला एकही फिल्टर लावला नव्हता. तुझ्या लहानपणी ती जशी वाजत असे तशीच तुला तिकडे ऐकायला मिळावी, एवढाच त्यामागे विचार होता. त्याच फोनमध्ये पुढे तू जाता जाता सांगितलेस की डाव्या कानात रात्री शीळ घातल्यासारखा आवाज येतो, पण तो सर्दीमुळे असेल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे तुला वाटलेले दिसत नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

तुला घाबरवावे म्हणून हे लिहीत नाही. तू ती फाइल ट्राममध्ये ऐकली असशील आणि बाहेरच्या गोंगाटात खरखर विरून गेली असेल. मनू म्हणते की फोनवरून पाठवताना आवाजाची बरीच काटछाट होते आणि हल्लीचे इअरफोन तर स्वतःच्या अकलेने आवाज गाळतात. यांपैकी काहीतरी खरे असावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. तरीही तू कानाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घे. एवढे एकच सांगायचे होते, ते सांगून झाले. आता उरलेले पत्र तुझ्या त्या गावाविषयी लिहिते, कारण तुझी जर्मनीतल्या हॅनोवरची नोकरी नक्की झाली त्या दिवशी मला जो आनंद झाला होता तो तुला नीट सांगताच आला नाही. "मी पगाराचे सांगत होतो आणि आई पेटी उघडून बसली होती," असे तू मनूजवळ हसून म्हणालास, ते मला कळले.

त्या पेटीत फलाणीत गुंडाळलेली जी एकाच बाजूने वाजणारी तबकडी आहे, ती तू अनेकदा हातात घेतली आहेस. तिच्या पाठीवर पंख असलेले एक बाळ लेखणीने तबकडीवर काहीतरी लिहिते आहे असे उठावाचे चित्र आहे आणि पुढच्या बाजूला, लेबलावर, बारीक अक्षरांत हॅनोवरचे नाव छापलेले आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग नावाच्या माणसाने कलकत्त्याच्या एका हॉटेलात यंत्र मांडून गौहर जान आणि इतर गाणारणींचे आवाज मेणाच्या तबकड्यांवर घेतले. आपल्याकडे तेव्हा कारखाना नसल्यामुळे ती मेणे जहाजाने हॅनोवरला गेली, तिथे त्यांच्या तबकड्या छापल्या गेल्या आणि त्या पुढल्या वर्षी इकडे विकायला आल्या. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. तोपर्यंत आपल्या देशातले जे काही गाणे तबकडीवर चढले, त्यातले बरेचसे तुझ्या त्या गावातून फिरून आले आहे.

मायक्रोफोन तेव्हा नव्हता. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ नंतरचे. गाणाऱ्याने कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहायचे, जिवाच्या आकांताने गायचे, आणि त्या आवाजाने कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पडदा थरथरला की त्याला जोडलेली सुई मेणावर रेघ ओढत जायची. तीनेक मिनिटांत ख्याल काय आणि ठुमरी काय, सगळे उरकून शेवटी गौहर जान इंग्रजीत ओरडते, "माय नेम इज गौहर जान." लहानपणी तुला ते ओरडणे ऐकून हसू येत असे आणि तू जेवायला बसताना तसेच स्वतःचे नाव ओरडून सांगत असस. त्या ओरडण्याचे कारण असे सांगतात की हॅनोवरच्या कारखान्यातल्या माणसांना हिंदुस्थानी येत नव्हते, तेव्हा कोणत्या मेणावर कोणाचा आवाज आहे हे त्यांना ऐकून कळावे आणि लेबल चुकू नये. तबकडीला लागणारी लाख तर बहुतांशी आपल्याच देशातून जात असे. म्हणजे लाख आपली, गळा आपला, आणि छापणारे हात तुझ्या गावचे. ज्यांनी तिचे नाव कान देऊन ऐकले त्यांची नातवंडे-पतवंडे आज कदाचित तुझ्याच ट्राममध्ये बसत असतील.

हे सारे तिथेच का घडले, तर ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर मूळचा हॅनोवरचाच. तो १८५१ मध्ये तिथे जन्मला, पुढे अमेरिकेला गेला, १८८७ मध्ये त्याने ग्रामोफोनचे पेटंट मागितले, आणि १८९८ मध्ये त्याने व त्याच्या भावाने आपल्या जन्मगावी तबकड्यांची कंपनी उभी केली. पोडबिएल्स्की नावाच्या लांबलचक रस्त्यावर त्या कंपनीचा नंतरचा कारखाना होता. सुटीच्या दिवशी तिकडे चक्कर मारशील तर इमारतीचा एक फोटो पाठव. आणि तू ज्या विमानतळावर उतरलास ते लांगेनहागेन म्हणजे १९८२ च्या ऑगस्टमध्ये जिथे बाजारासाठीच्या पहिल्या सीडी छापल्या गेल्या ते ठिकाण. सीडीविषयी माझे मत तुला ठाऊक आहे, ते पुन्हा उगाळत नाही.

पण माहिती शोधत असताना आणखी एक गोष्ट हाती लागली, आणि ती तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. हॅनोवरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा कानाचा विभाग हा कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे बहिऱ्या कानात बसवायचे ऐकण्याचे यंत्र, बसवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. ज्यांना काहीच ऐकू येत नाही अशी माणसे, लहान मुले, कुठून कुठून त्या गावात येतात, आणि तू त्याच गावात राहून सर्दीच्या गोळ्या घेतो आहेस. तुला त्या मोठ्या इस्पितळात लगेच जा असे मी म्हणत नाही. मनूने शोधून दिले आहे की तिकडे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना 'हा-एन-ओ' म्हणतात आणि त्यांचे दवाखाने वस्तीवस्तीत असतात. तुझा आरोग्यविमा आहेच. शिवाय ८५ डेसिबलच्या पुढच्या आवाजात काम करणाऱ्यांचे कान तपासून घेणे ही तिकडच्या कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, म्हणजे कारखान्याच्या डॉक्टरांना विचारायला संकोच करण्याचे कारण नाही.

पुन्हा तिथेच आले. पण मी अशी का वागते हे तुला कळावे म्हणून तात्यांची एक गोष्ट लिहिते, जी तुला ठाऊक नाही, कारण नानी असेपर्यंत ती घरात कोणी काढत नसे.

तात्या इचलकरंजीला यंत्रमागावर होते. माग चालू असताना शेजारचा माणूस काय म्हणतो हे ओठांकडे पाहून ओळखावे लागते. खाते सुटले तरी लोक रस्त्यात एकमेकांशी ओरडूनच बोलत जायचे. कानात ते कापसाचे बोळे घालत, पण कापसाने तो आवाज अडत नाही, हे त्या काळी त्यांना सांगणारे कोणी नव्हते. पाळी संपवून घरी आले की हातपाय धुऊन पहिले काम फोनोला चावी देण्याचे. मी कॉलेजात असताना एकदा त्यांनी हीच झिंझोटी लावली आणि अगदी समाधानाने मला म्हणाले, "वाजून वाजून गुळगुळीत झाली बघ तबकडी, आता कशी स्वच्छ लागते. पूर्वी किती खरखरायची." मी दारात उभी होते आणि मला ती खरखर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होती.

त्यांना कोणी काही सांगितले नाही. मग तंबोरा ऐकू येईना. "हल्ली तंबोरा लावतच नाहीत नीट," म्हणून ते मिरजेच्या कारागिरांना बोल लावीत. मग बोलण्यातले स आणि श गळाले, म्हणजे माणूस बोलतो आहे हे कळे पण काय बोलतो ते उमगत नसे, आणि उत्तर भलतेच येई. नानीला वाटे की हे मुद्दाम करतात. तिने किती वर्षे त्यावरून अबोले धरले ते तुझ्या मावशीला विचार. शेवटी शेवटी ते फोनोच्या पेटीवर तळहात पालथा ठेवून बसत, आणि समेवर त्यांचे बोट बरोबर उचलले जाई. एडिसनलाही ऐकू कमी येत असे आणि तो यंत्राच्या लाकडात दात रोवून ऐकत असे, हे मी पुढे वाचले तेव्हा मला तात्यांचा तो हात आठवला. लोकांना ते दृश्य पाहून गहिवरून येई. मला रागच येत असे, आणि अजूनही येतो, कारण वेळेवर कोणी तपासले असते तर एवढी वेळ त्यांच्यावर आली नसती.

मोठ्या आवाजाने कान बिघडतो तेव्हा सहसा सर्वांत आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे बारीक उंच आवाजांचे, ऐकणे कमी होते, बाकीचे ठीक असते, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. बोलणे ऐकू येते, गाणे ऐकू येते, फक्त कडा बोथट होतात. कानाच्या आतल्या ज्या केसांसारख्या पेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मी करावी लागते, म्हणजे ८८ ला चार तास आणि ९१ ला दोनच. तू कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये फोन आला की कानावरचे आवाज अडवणारे मफ बाजूला सारतोस, हे तूच मला गमतीने सांगितले होतेस. फोन बाहेर जाऊन घ्यावा. आणि पाळी संपल्यावर त्याच दमलेल्या कानांत पुन्हा इअरफोन कोंबून तू तासभर ट्रामने जातोस. ट्रामचा आवाज चढला की गाण्याचाही चढवत असणार. कानांनाही विश्रांती लागते. शरीराकडे दुर्लक्ष करून कमावलेल्या पैशाला...

हे वाक्य मी इथेच सोडते. तू आता यंत्रे चालवणारा इंजिनिअर आहेस, डेसिबल काय असतात हे मला तुझ्याकडूनच कळले, आणि मी तुलाच शिकवते आहे. रागावू नकोस. बाबाही आतून विचारत आहेत की एवढे काय लिहिते आहेस. त्यांना मी सांगितले की केदारने हॅनोवरची माहिती मागितली आहे.

खरे सांगायचे तर मला भीती वाटते ती तुझे कान चांगले आहेत म्हणूनच. पुण्याच्या जुन्या बाजारात तुला प्रथम नेले तेव्हा तुझी उंची त्या पथारीवाल्याच्या ढिगाएवढीही नव्हती. मी तुला शिकवले होते की तबकडी मधल्या भोकात बोट घालून तोलायची आणि कडेला हलकी टिचकी मारायची. अखंड असेल तर खणखणीत बोलते आणि डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर आवाज बद्द येतो. तू त्या माणसाच्या तबकड्या एकेक वाजवून डावीकडे आणि उजवीकडे दोन थर लावलेस. तो आधी चिडला, मग गप्प झाला, आणि निघताना मला म्हणाला, "ताई, पोराला रविवारी पाठवत जा." घरी तर सुई टेकल्यावर गाणे सुरू होण्याआधीच, नुसत्या खरखरीवरून, तू सांगायचास की ही वझेबुवांची, ही हिराबाईंची. प्रत्येक तबकडीची खरखर वेगळी असते हे मला स्वतःला इतक्या वर्षांत जाणवले नव्हते. ते तू माझ्या नजरेस आणून दिलेस.

आणि २०१९ च्या महापुरानंतर सांगलीला बापूकाकांच्या ओसरीवर आपण बसलो होतो, ते तर मी कधी विसरणार नाही. कपाटात खालच्या दोन खणांत पाणी शिरले होते. लाखेच्या तबकडीचे पाण्याने फारसे बिघडत नाही, पण कागदाची पाकिटे आणि लेबले यांचा लगदा झाला होता. कोणीतरी स्पिरिटची बाटली आणली तेव्हा तू ती हातातून काढून घेतलीस, कारण स्पिरिटात लाखच विरघळते. डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश घेऊन आपण दिवसभर गाळ काढत राहिलो. लेबले गेलेल्या तबकड्या कोणाच्या हा प्रश्न होता. मी चष्मा लावून लेबलाच्या कडेशी लाखेत उमटलेले मॅट्रिक्सचे, म्हणजे छापण्याच्या साच्याचे, आकडे वहीत उतरवत बसले, आणि तू बापूकाकांच्या जुन्या टर्नटेबलवर एकेक लावून "दीनानाथ", "बालगंधर्व, पण उतारवयातले", "ही दुसरीच कोणी बाई आहे, मला ठाऊक नाही" असे सांगत गेलास. नंतर आकडे ताडून पाहिले तेव्हा तुझे जवळजवळ सगळे बरोबर निघाले. बापूकाका त्या दिवशी पहिल्यांदा जेवले. मी तुला तेव्हा शाबासकी दिली की नाही ते आठवत नाही. बहुधा चिखलाचे हात भिंतीला लावू नकोस असेच काहीतरी म्हटले असेन.

इकडचे सांगायचे तर पाऊस बरा आहे आणि कृष्णा अजून पात्रात आहे. दमट हवेमुळे तबकड्यांवर बुरशी येऊ नये म्हणून सगळ्या उभ्याच ठेवल्या आहेत आणि मधल्या खोलीत दिवा जळत ठेवते. बाबा त्या विजेच्या बिलाबद्दल बोलतात. खाँसाहेबांच्या बाकीच्या ओडियनच्या तबकड्याही, १९३४ ते ३६ च्या सुमाराच्या, क्रमाने संगणकावर उतरवायला घेतल्या आहेत. तबकडीची चर एलपीपेक्षा पुष्कळ रुंद असते, म्हणून तू पाठवलेली तीन मिलची, म्हणजे इंचाच्या तीन हजारांशाची, सुई आल्यापासून आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडला आहे. वेग मात्र मी यंत्रावरच्या आकड्यावर सोडत नाही. हार्मोनियमवर पट्टी धरून, खाँसाहेबांचा षड्ज जागेवर बसेपर्यंत कमी-जास्त करते. खरखर घालवणारी संगणकी साधने मला अजूनही पसंत नाहीत. ती खरखरीबरोबर वरचे सगळे खरवडून नेतात, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता गुंजारव, आणि खाँसाहेब पलटा संपवून श्वास घेतात तो आवाजही जातो, आणि उरते ते तात्यांना शेवटी ऐकू येत असे तसले गुळगुळीत गाणे. दर्ग्याच्या उरुसात यंदा कोण गाणार ते अजून जाहीर झालेले नाही. झाले की कळवते.

आता शेवटची गोष्ट. या पत्राबरोबर मनू तुला झिंझोटीच्या तीन फाइली मेलने पाठवते आहे, फोनवरून नाही, म्हणजे काटछाट होणार नाही. त्यांना नावे नाहीत, नुसते आकडे आहेत. एक जशीच्या तशी आहे, एकीतून ८००० हर्ट्झच्या वरचे काढून टाकले आहे आणि एकीतून ४००० च्या वरचे. कोणती कोणती ते मनूलाही सांगितलेले नाही. रात्री खोलीत शांतता असताना, आधी उजव्या कानाने आणि मग डाव्या कानाने ऐक, आणि तिन्हींत काय फरक वाटला ते लिही. वाटला नाही तर तसेही लिही. मला बरे वाटावे म्हणून काही लिहू नकोस. आणि फरक कळला तरी डॉक्टरांकडे जायचेच आहे. इथल्या कानाच्या डॉक्टरांशी मी बोलले. ते म्हणाले की ऐकणे अचानक कमी झाले असेल तर पहिले दोन आठवडे फार मोलाचे असतात, त्यानंतर औषधाचा गुण येण्याची शक्यता घटत जाते. तुझी शीळ कधी सुरू झाली ते तू सांगितलेले नाहीस. म्हणून पत्र पोहोचेल त्याच दिवशी वेळ घे. तपासणीचा जो आलेखाचा कागद देतील त्याचा फोटो काढून पाठव. तो मला वाचता येतो, तात्यांचे दोन कागद अजून माझ्या कपाटात आहेत.

उत्तर फोनवर देऊ नकोस, लिहूनच पाठव. फोनवर तू विषय बदलतोस, आणि मीही बदलते.

तुझी,
आई

ता. क. मेल मनूच्या पत्त्यावर कर. घरच्या संगणकावर बाबा उघडून वाचतात.